पाणी ओलांडायचं नाही

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई उठता-बसता म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नाही. चुलीपुढं बसवलं की मला दारात जावंसं वाटायचं, दारात गेले की बांधावर, आणि बांधावर गेले की नदीपल्याड नाशिक शहरात काय चाललंय ते बघावंसं. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी खोड तीच. मुलगा म्हणतो, आई, जरा टेक की! मी टेकते आणि लगेच उठते. हे लिहितानासुद्धा तीनदा उठून झालं. एकदा चहाला, एकदा दाराची बेल वाजल्यासारखं वाटलं म्हणून, आणि एकदा उगाचच.

आमचा मळा शहरापासून गोदावरीच्या पलीकडं, चांदशीच्या अंगाला. आता तिथं लग्नाचं लॉन आहे. डीजे वाजतो, नवरदेव घोड्यावरून येतो, आणि आमच्या विहिरीच्या जागी आइस्क्रीमचा स्टॉल लागतो. तेव्हा मात्र सगळा झेंडू, थोडा निशिगंध आणि नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हौशीचे चार वाफे गुलाब. उजाडायच्या आत तोडणी सुरू व्हायची. ओली गोणपाटं झटकल्याचा फटफट आवाज, नानांचा खोकला आणि आईची पाटी डोक्यावर घेतानाची ‘हूं’ एवढं ऐकलं की दिवस लागला समजायचं. झेंडू तोडून बोटं काळी-हिरवी पडायची, साबणानं जायची नाहीत. न्याहारीला बाजरीची भाकरी आणि ठेचा असला तरी पहिल्या घासाला झेंडूची कडवट चव यायचीच. ताई म्हणायची, आपल्या घरात मीठ विसरलं तरी चालेल, झेंडू विसरणार नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. ती शांत. मी तिच्या वाट्याचीही चुळबुळ घेऊन जन्माला आले होते.

ताईचं लग्न झालं आणि ती मुंबईला गेली. मुंबईला म्हणजे कुठं, तर मढला. आमच्या गावात मुंबई म्हटलं की उंच इमारती आणि झगमगाट. हिच्या पत्राच्या पत्त्यावर कोळीवाडा, नारळ आणि खाडी. दाजी वर्सोव्याला बर्फाच्या कारखान्यात होते. खोली मढला स्वस्त मिळाली म्हणून तिकडं बिऱ्हाड केलं. मढ आणि वर्सोवा यांच्या मध्ये एवढीशी खाडी. होडीत बसलात, पदर सावरलात की उतरायचं. पण तेच जमिनीवरून जायचं म्हटलं तर मढहून मालाडपर्यंत बस, मालाडहून अंधेरीकडं दुसरी बस, तिथून वर्सोव्याला तिसरी. हाताचा घास मानेमागून तोंडात घालायचा तसला प्रकार. ताई लग्नानंतर वर्सोव्याच्या एका शिलाईच्या कारखान्यात कामाला लागली. रोज होडीनं जायची, होडीनं यायची. तिला पहिल्यांदा दिवस गेले ते त्याच काळात, आणि पाचव्या महिन्यात मूल गेलं.

तेव्हा आई तिला भेटायला गेली नाही. ताईच माहेरी आली, उतरल्या तोंडानं, अंगात त्राण नसलेली. आईनं तिला दारातच पाहिलं, भाकरतुकडा ओवाळला, आणि तो तुकडा टाकायच्या आधीच म्हणाली, “रोज पाणी वलांडत व्हतीस. मग काय व्हनार दुसरं?”

आमच्याकडं पोटुशीनं पाणी ओलांडायचं नाही असा दंडक. ग्रहण पाळायचं, कातरी धरायची नाही, त्यातलाच. मी तेव्हा कॉलेजात जात होते, मला ते सगळं थोतांड वाटायचं. पण आईनं ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.  ताई आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. त्यानंतर शिलाईचं काम तिनं सोडलं ते सोडलंच.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा ताईनं कळवायलाही उशीर केला. सातव्यात तिला बाळंतपणाला नाशिकला आणायचं ठरलं. पण दिवस दसऱ्याच्या तोंडचे. झेंडूवाल्याच्या घरात दसऱ्याच्या तोंडावर माणूस मेलं तरी रडायला सवड नसते. नाना हलू शकत नव्हते, आई तर मुळीच नाही. दाजींच्या कारखान्यातही हंगाम, बोटी समुद्रात निघालेल्या, बर्फाला मागणी, रजा नाही. मी म्हटलं, “मी आणते ताईला.” नाना हसले. “ही आनतीय! हीच कुटं हरवली तर तिला कोन आनंल?” पण दुसरं माणूसच नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला समोर बसवलं. मी दोनदा उठले, तिनं दोनदा हात धरून बसवलं.

“नीट ऐक. होडीत पाय ठिवू द्यायचा नाय तिला. काय वाट्टेल ते होवो.”

“बरं.”

“आनि त्या लोकलगाडीत नाय घालायची. तिथं मानसं मानसाला चिरडत्यात.”

“मग टॅक्सीनं आणू का?”

नाना ओसरीवरून ओरडले, “टॅक्सी? विमान कर ना!”

“मग राहिलं काय?” मी म्हटलं.

“बस,” आई म्हणाली. “बसनी आन. सावकास. वाटंत पूल लागला तर लागू दे, पुलाचं काय नाय, पूल म्हंजे रस्ताच. पन पान्यावर बसायचं नाय. लय झालं एकदा. आता जर काय झालं तर माझं मी काय करीन...”  ती उठून गेली आणि अंगणातली झाडून झालेली जागा परत झाडू लागली. ताईचं हे मूल टिकलं पाहिजे, एवढंच तेव्हा आमच्या घरात होतं. बाकी दसरा वगैरे नुसता वर वर.

मुंबई मी पहिल्यांदा पाहिली ती बसच्या खिडकीतून. दादरला उतरले आणि वेडीच झाले. दुमजली बस आली की तिच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी बसायला धावायचं, एवढंच माझं डोकं चालत होतं. एकदा तर भलत्याच बसमध्ये चढले. कंडक्टरनं विचारलं, “कुठं जायचंय?” मी म्हटलं, “ही कुठं जाते?” तो म्हणाला, “बाई, बसमध्ये चढल्यावर विचारतात होय हे?” सगळी बस हसली. मी उतरले, दुसरी धरली, तिसरी धरली, आणि वर्सोव्याच्या धक्क्यावर पोचले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. होडीत बसले. इंजिन ढक ढक ढक, पाणी हिरवटकाळं, बायकांच्या पाट्या, सायकली, एक बोकडसुद्धा. आणि बसते न बसते तोच मढ! एवढ्यात संपलं म्हणून मला रागच आला. दुसऱ्या दिवशी मी काही काम नसताना दोनदा जाऊन आले.

आता वर्सोव्यापर्यंत मेट्रो आहे, समुद्रातून रस्ते काढलेत, बसला दारं आपोआप लागतात आणि आतून थंडगार वारा येतो. भाची मला मोबाइलवर दाखवते, मावशी, बघ, तुझी बस आता कुठं आहे ते इथं कळतं. मी म्हणते, अगं, बस कुठं आहे ते कळल्यावर वाट बघण्यात काय राहिलं? ती कपाळावर हात मारून घेते.

ताईची खोली म्हणजे एक दार, एक खिडकी. खिडकीबाहेर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास भांड्याकुंड्यांनाही लागलेला. ताईचं पोट छान दिसत होतं, पण ती स्वतः वाळली होती. हालचाल इतकी बेतानं करायची की जणू डोक्यावर भरली घागर आहे. मी म्हटलं, “चल ना, धक्क्यापर्यंत फिरून येऊ.” ती म्हणाली, “नको, तिथून पाणी दिसतं.”

“दिसल्यानं काय होतंय?”

“तुला काय कळतंय रंजे.”

तेव्हा मला कळलं की पोट राहिल्यापासून ती धक्क्यावर गेलेलीच नव्हती. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तो वर्सोव्याला, डोळ्यांसमोर, पलीकडच्या काठावर. पण ही तपासायला जायची ती मालाडवरून, सगळा वळसा घालून, खड्ड्याखड्ड्यातून धक्के खात. दाजी पहिल्यांदा समजवायचे, मग त्यांनी सोडून दिलं. “आईनं सांगितलंय” म्हटल्यावर बिचारा माणूस काय बोलणार? दुपारी भांडी घासताना ती मला म्हणाली, “मागच्या वेळी मीच घालवलं गं. पगाराच्या हव्यासानं. मला माहीत होतं पाणी ओलांडू नये म्हणून, तरी गेले.” मी म्हटलं, “ताई, कोळणी नाही का रोज जात? त्यांना पोरं होत नाहीत?” ती म्हणाली, “त्यांचं वेगळं. त्यांना दंडक नाही. आपल्याला आहे.”  मी भांडी आपटली.

निघायचा दिवस उजाडला. दाजी रात्रपाळीहून अजून यायचे होते, ते मालाडला परस्पर भेटणार होते. आम्ही दोघी, एक ट्रंक, एक पिशवी, आणि ताईनं डब्यात घेतलेली चपाती-भाजी. मालाडहून बोरिवली आणि बोरिवलीहून नाशिकची गाडी, असा बेत. लाल बस आली, कंडक्टरनं ताईला बघून पुढची जागा रिकामी करवून घेतली. मी खुशीत होते. आईचे सगळे नियम पाळून मी ताईला घरी नेत होते, आणखी काय पाहिजे?

थोडं अंतर गेलो आणि बस थांबली. पुढं रस्त्यावर मोठं झाड आडवं झालेलं, त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या अडकलेल्या. माणसं उतरून बघायला गेली. मीही गेले, अर्थातच. परत आले तर ताई पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसलेली, ओठ पांढरे.

“रंजे, पाठीतून कळ येतीय.”

“बसून बसून आली असेल.”

“नाही गं.” ती हळूच म्हणाली, “लुगडं ओलं झालंय.”

मी पाहिलं. रक्त होतं. फार नव्हतं, पण होतं.

मला त्या क्षणी आई पाहिजे होती. खरं सांगते, मला ओरडून रडावंसं वाटलं. पुढं रस्ता बंद. मालाड लांब. एक रिक्षावाला मागच्या मागे वळवून मढला परत निघाला होता, त्याच्यापुढं मी आडवीच झाले. कंडक्टरनं आणि मी ताईला उचलून रिक्षात बसवलं, ट्रंक बसमध्येच राहिली. रिक्षावाला म्हणाला, “दवाखाना?” मी म्हटलं, “धक्क्यावर घे.”

ताईनं ते ऐकलं.  धक्क्यावर उतरलो, पायऱ्यांपर्यंत आलो, आणि ती खाली बसली. दगडावर, सगळ्यांच्या पायात.

“मी नाही जाणार.”

“ताई, ऊठ. तो बघ, दवाखान्याचा पत्रा दिसतोय पलीकडं.”

“नाही जाणार. बसनं ने मला.”

“कुठली बस? कशी बस? रस्ता बंद आहे, तुझ्या अंगावरून जातंय, आणि तू बस बस काय करतीयस!”

“आईनं सांगितलंय...”

“आईला मी सांगीन. पाप लागायचं ते मला लागू दे!”

ताईनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती. “पाप तुला लागेल,” ती म्हणाली, “पोर माझं जाईल.”

 मी विशीतली पोर. तिच्या शेजारी दगडावर बसले आणि रडायलाच लागले. मोठ्यानं, नाक ओढत. होडी भरली होती, नावाडी घाई करत होता. रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण चढता चढता थांबली. थोराड बाई, कपाळावर मोठं कुंकू. तिनं एकदा ताईच्या लुगड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“काय झाला गो? चल, बस माझ्याजवल.”

“तिला पाणी ओलांडायचं नाही,” मी हुंदके देत सांगितलं.

मला वाटलं, बाई हसेल. ती हसली नाही. तिनं थोडा विचार केला आणि ताईला म्हणाली, “तू पानी बघू नको. मी तुला पदराखाली घेतय. तू ओलांडलाच नाय, मी नेला तुला. पाप माझ्यावर घाल.”

ताईनं माझा हात धरला. “तू सोडू नको,” म्हणाली. आणि उठली. त्या बाईनं तिला आपल्याला चिकटून बसवलं आणि तिच्या तोंडावरून स्वतःचा पदर ओढून घेतला, लहान मूल घेतात तसा. माशांच्या वासाचा तो पदर. त्याच्या आत ताई काहीतरी पुटपुटत होती, देवाचं असेल. मी तिचा हात इतका आवळला होता की नंतर तिच्या बांगड्यांचे वळ माझ्याच बोटांवर उमटलेले. पलीकडं पोचल्यावर ती कोळीण गर्दीत कुठं गेली मला कळलंही नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, ताईला निजवलं, आणि बराच वेळ पोटाला नळी लावून ऐकत राहिल्या. मी दाराशी उभी होते, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. शेवटी त्या म्हणाल्या, “आहे. ठोके चांगले आहेत. पण आता नाशिक विसरा. धक्के बंद. पलंगावरून उतरायचं नाही.” मी धावत सुटले ती बर्फाच्या कारखान्यात. तिथं कळलं, दाजी मालाडला गेलेत आमची वाट बघायला. संध्याकाळी ते धापा टाकत दवाखान्यात आले आणि ताईच्या पायांपाशी बसून राहिले.

फोन गावच्या किराणा दुकानात लागायचा. मी निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई दवाखान्यात हजर. दादरच्या बाजाराला जाणाऱ्या फुलांच्या टेम्पोत, झेंडूच्या पोत्यांवर बसून आली होती. अंगाला तोच कडवट वास, केसांत पाकळ्या. तिनं ताईच्या पोटावर हात ठेवला, मग माझ्याकडं वळली.

“कशी आनली तिला?”

खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हटलं, “होडीनं.”

ताईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी आता आईच्या तोंडाकडं बघत होते, की येतं ते वाक्य, आता येतं.  पण आई खाली फरशीवर बसली आणि पिशवीतून डिंकाचे लाडू काढत राहिली. पुढचे सगळे दिवस ती गप्पच. दसरा झाला, तिनं नानांची चौकशीसुद्धा केली नाही. माझी आई गप्प बसलीय हे मला बघवेना. मी सारखी जिन्यातून खाली-वर करत राहिले.

पुढं दिवस भरून ताईला मुलगी झाली, हे सांगूनच टाकते, नाहीतर तुम्ही उगाच जीव मुठीत धरून वाचाल. वर मोबाइलवर बस दाखवते म्हटलं ना, तीच ही भाची. पण मला सांगायचंय ते तिच्या जन्माच्या आधीचं. डॉक्टरीणबाईंनी ताईला घरी जायला परवानगी दिली, पण बजावून सांगितलं की खड्ड्यातून न्यायची नाही. दाजी खाली मान घालून उभे. सगळ्यांना कळत होतं की आता एकच वाट आहे, आणि ती कुणी तोंडानं म्हणेना. ताई म्हणाली, “मी बसनंच जाईन. हळूहळू.”

“होडीनी चला,” आई म्हणाली.

ताई तिच्याकडं बघतच राहिली. धक्क्यावर आई पुढं झाली, जन्मात कधी होडीत न बसलेली बाई, आणि नावाड्याचा हात धरून होडीत उतरली. ताईला तिनं शेजारी घेतलं. इंजिन सुरू झालं. आई समोर बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. मला वाटलं, घाबरली. मी म्हटलं, “आई, एवढ्यात येतोय धक्का.”

“तुझ्या आदी दोन गेले माझे,” आई ताईला म्हणाली. “पाटी घेऊन नदीतनं जायची मी बाजाराला. गुडघ्याइतकं पानी. सासूबाई म्हनल्या, पान्यानं गेले. तू वलांडलं म्हनून गेले.”

हे आम्हाला दोघींनाही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“मग?” ताईनं विचारलं. “मग आमच्या वेळी नाही गेलीस का नदीतून?”

“न जाऊन सांगते कुनाला? फुलं कोन नेनार व्हतं? तुमच्या दोघींच्या येळंला बी रोज वलांडली. रोज वाटायचं, आज जाईल, आज जाईल.” ती आता उघड रडत होती, लोक बघत होते तरी. “तुम्ही ऱ्हायल्या. तरी मला कळलं नाय गं. दोन पोरी घरात बागडत व्हत्या, तरी मी त्या दोघांचं पाप धरूनच बसले.”

“मग मला का तसं बोललीस, आई? दारात?”

“मला बोलले व्हते ना,” आई म्हणाली. “त्येच तोंडात आलं.”

ताई चिडली. माझी शांत ताई, जिनं कधी आवाज चढवला नाही, ती भर होडीत ओरडली, “किती दिवस मी हे उरावर घेऊन बसले, आई! किती दिवस!”

“व्हय गं बाई,” आई म्हणाली. “मी तुझ्याहून जास्ती.”

ताईनं आईच्या गळ्यात हात टाकले. धक्का आला, माणसं उतरू लागली. एरवी पहिली उडी मारणारी मी, तेव्हा जागची हलले नाही. माझ्यासमोर त्या दोघी एकमेकींना धरून रडत होत्या, आणि खाली होडी पाण्यावर वरखाली होत होती.